जमेची बाजू : बालपणी कर्करोगातून उठलेल्या मुलांविषयी

आपल्या संघाच्या स्मरणिकेत आम्ही प्रतिवर्षी धान्यव्यापारावर चार शब्द लिहीत आलो आहोत. कधी साठ्यावरील निर्बंध, कधी बाजार समितीचे कायदे, कधी वस्तू व सेवा कर. संपादक मंडळाने यंदाही तीच आज्ञा केली होती. परंतु यंदा विषय बदलण्याची परवानगी आम्ही मागून घेतली. त्याचे कारण खाजगी आहे, तथापि केवळ खाजगी नाही. वाचकबंधूंपैकी कोणाच्या घरी, कोणाच्या पेढीवर, कोणाच्या शेजारी असे एखादे मूल असेल की, ज्यास लहानपणी कर्करोग झाला होता आणि जे त्यातून पूर्ण बरे होऊन आज आपल्यामध्ये वावरत आहे. अशा मुलांचे पुढे काय होते, त्यांच्या मनाचे काय होते, समाज त्यांच्याशी कसा वागतो, हा आमचा विषय आहे. आम्ही डॉक्टर नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकलेले, हातीखान्यातील घाऊक धान्याचे व्यापारी. जे लिहीत आहोत ते काही पाहिलेले, काही विचारून घेतलेले आणि काही, उशिरा का होईना, वाचलेले आहे. त्यात आमची एक चूकही आहे आणि ती लपवून हा लेख लिहिता येणार नाही.

आमच्या पेढीवर तीस वर्षे चोख हिशेब ठेवणारे एक मुनीमजी होते. त्यांचा धाकटा मुलगा १९९४ साली सहा वर्षांचा होता. त्या वर्षीच्या पावसाळ्यात त्यास वारंवार ताप येऊ लागला, चेहरा पांढरा पडला, आणि खेळताना कोठे लागले नसताही अंगावर निळे डाग दिसू लागले. गावातील डॉक्टरांनी रक्त तपासले आणि मुनीमजींस बाजूला घेऊन सांगितले की, उशीर न करता मुंबईस न्या. रात्रीच्या गाडीने ते निघाले. बडोदे ते मुंबई हे अंतर सुमारे ३९० किलोमीटरचे, व्यापाऱ्यास नित्याचे. परंतु त्या रात्री मुनीमजींच्या पत्नी मुलाचे डोके मांडीवर घेऊन एक क्षणही झोपल्या नाहीत, असे त्यांनी पुढे सांगितले. परळच्या टाटा रुग्णालयात निदान झाले : रक्ताचा कर्करोग. अडीच वर्षे उपचार चालले. पेढीच्या धर्मादाय खात्यातून आम्ही शक्य ती रक्कम दिली, मुनीमजींचा पगार एक दिवसही कापला नाही, आणि मुलगा बरा होऊन आला तेव्हा पेढीवर पेढे वाटले. आपले कर्तव्य संपले, असे आम्हांस त्या दिवशी मनापासून वाटले होते.

हा आजार बरा होऊ शकतो, ही गोष्टच मुळी फार जुनी नाही. लेडी मेहेरबाई टाटा यांचे १९३१ साली रक्ताच्या कर्करोगानेच निधन झाले. तेव्हा टाटांच्या घराण्यासही त्यावर औषध विकत घेता आले नाही, कारण औषधच नव्हते. त्यांच्या स्मरणार्थ १९३२ साली या रोगाच्या संशोधनासाठी निधी स्थापन झाला, आणि सर दोराबजी टाटा यांच्या विश्वस्त निधीतून १९४१ साली परळचे रुग्णालय उभे राहिले. त्याच परळ भागात, हाफकिन संस्थेत, त्याआधी काही वर्षे ल्युसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टर बाई मुंबईतील गरोदर गिरणी कामगार स्त्रियांच्या पंडुरोगाचा अभ्यास करीत होती. यीस्टच्या अर्कात असे काही द्रव्य आहे की, ज्याने या स्त्रियांचे रक्त भरून येते, हे तिने १९३१ साली प्रसिद्ध केले. ते द्रव्य म्हणजे पुढे फोलिक आम्ल म्हणून ओळखले गेलेले जीवनसत्त्व. पालेभाज्यांत ते असते आणि आपल्या हरभऱ्यात, मुगात, तुरीतही असते; चाळीस वर्षे ज्या मालाची आम्ही उलाढाल केली त्यात हे आहे, हे आम्हांस साठीनंतर कळले, ही गोष्ट निराळी.

रक्तपेशी वाढण्यास जे द्रव्य लागते तेच अडवून धरले तर रोगट पेशींची वाढ थांबेल, हा विचार अमेरिकेतील बोस्टन येथील डॉ. सिडनी फार्बर यांनी केला. त्यासाठी लागणारे औषध ज्यांच्या प्रयोगशाळेत सिद्ध झाले ते डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव मूळचे आंध्रातील भीमावरमचे. १९४८ साली फार्बर यांनी प्रसिद्ध केले की, औषध दिलेल्या सोळा मुलांपैकी दहा मुलांस काही काळ उतार पडला. काही काळच, परंतु दार उघडले. पुढे आपल्या परसातील सदाफुलीपासून निघालेले व्हिन्क्रिस्टीन हे औषध आले, आणखी औषधे आली, आणि ती एकामागून एक कोणत्या क्रमाने, किती दिवस द्यावयाची याचे शास्त्र बसत गेले. आपल्या देशात १९८४ पासून मुंबई, मद्रास व दिल्ली येथील रुग्णालयांत एक ठरावीक उपचारक्रम अवलंबिला गेला. त्यापूर्वी रक्ताच्या कर्करोगाने ग्रासलेल्या पाच मुलांतील जेमतेम एक वाचत असे; त्यानंतर निम्म्याच्या आसपास व काही ठिकाणी त्याहूनही अधिक मुले वाचू लागली. श्रीमंत देशांत आज कर्करोग झालेल्या शंभर मुलांतील ऐंशींहून अधिक बरी होतात. आमच्या मुनीमजींचा मुलगा या शास्त्राच्या चांगल्या काळात जन्मला, असेच म्हणावयाचे.

आता मूळ विषयाकडे वळू. मूल बरे झाले, केस पुन्हा आले, डॉक्टरांनी औषधे बंद केली, त्यानंतर काय?

शरीराचे प्रथम सांगतो, कारण ते सांगण्यास सोपे आहे. ज्या तीव्र औषधांनी रोग जातो त्यांतील काही आपली खूण मागे ठेवतात. काहींचा परिणाम पुढे हृदयावर होऊ शकतो, आणि तो औषध एकूण किती पोटात गेले यावर बराचसा अवलंबून असतो. मेंदूस किरणोपचार दिले असल्यास कित्येकांची उंची कमी राहते, पाठांतरास अथवा गणितास वेळ लागतो. काहींस अपत्यप्राप्तीची अडचण येते, बहुतेकांस येत नाही. म्हणून बऱ्या झालेल्या मुलास वर्षा-दोन वर्षांनी तपासणे आवश्यक असते. हे ओळखून टाटा रुग्णालयात डॉ. पूर्णा कुरकुरे यांनी १९९१ साली उपचार पूर्ण झालेल्या मुलांसाठी स्वतंत्र तपासणी विभाग सुरू केला. तेथे केवळ रक्त व हृदय पाहत नाहीत. शाळा, नोकरी, लग्न, मनातील भीती यांचीही विचारपूस होते. रोग गेल्यावरही माणसाची विचारपूस करावयाची असते, ही गोष्ट आम्हां व्यापाऱ्यांच्या ध्यानात चटकन येत नाही. उधारी वसूल झाली की आपण खाते मिटवितो.

मनाचे काय होते, ते आम्हांस त्या मुलानेच सांगितले. तेही तो अठ्ठावीस वर्षांचा झाल्यावर, आणि ज्या प्रसंगी सांगितले तो प्रसंग पुढे येईलच.

त्याच्या घरी त्या आजाराचे नाव कधीच उच्चारले जात नसे. 'तो आजार', 'मुंबईचे दुखणे', 'त्या वर्षी' असे शब्द वापरीत. मुलास सांगितले होते की, त्याचे रक्त कमी झाले होते. आई-वडिलांचा हेतू प्रेमाचाच होता. परंतु मुनीमजी हिशेबी गृहस्थ. मुंबईच्या प्रत्येक भेटीचा कागद, प्रत्येक तपासणीचा निकाल, प्रत्येक औषधाची चिठ्ठी त्यांनी तारीखवार लावून एका फायलीत ठेवली होती, आणि ती फाईल घरी मुलाच्या हाती लागू नये म्हणून आमच्या पेढीच्या कपाटात. तेरा वर्षांचा असताना तो एका सुटीच्या दिवशी वडिलांबरोबर पेढीवर आला, कपाट उघडे होते, आणि फायलीवर आपले नाव पाहून त्याने ती वाचली. इंग्रजी शब्द त्याने वहीत उतरवून घेतले आणि शाळेच्या ग्रंथालयातील शब्दकोशात पाहिले. त्यानंतर वर्षभर त्याने कोणासही काही विचारले नाही. आपण मरणार आहोत आणि घरातील सर्वांना ते ठाऊक आहे, अशी त्याची समजूत झाली होती. दहावीचा अभ्यास कशासाठी करावयाचा, असेही त्यास वाटे. आम्ही त्या वर्षी मुनीमजींस म्हटल्याचे आठवते की, मुलगा फार अबोल झाला आहे, वयच तसे आहे.

या विषयातील जाणकार आता सांगतात की, मुलास त्याच्या वयास समजेल अशा शब्दांत आजाराचे नाव व बरे झाल्याची वार्ता, दोन्ही सांगावीत. न सांगितल्याने मूल निश्चिंत राहत नाही. ते एकटे राहते.

भीती केवळ त्यासच होती असे नाही. साधा ताप आला की आईचा हात रात्रभर कपाळावर असे. डासाने चावल्याची लाल खूण दिसली तरी घरातील बोलणे थांबे. क्रिकेट बंद, सायकल बंद, सहलीस जाणे बंद. त्याची मोठी बहीण त्या अडीच वर्षांत आजोळी ठेवली होती. तिची पहिली दोन प्रगतिपुस्तके कोणी पाहिलीच नाहीत. पुढे ती भावावर फार माया करी, परंतु आईशी तिचे बोलणे कायमचे तुटक राहिले. आजार एका मुलास होतो, पण लहानपण घरातील सर्व मुलांचे जाते, हे आम्ही त्या घरात पाहिले.

शाळेचा अनुभव मिश्र होता. टोपी घालून वर्गात येणाऱ्या मुलाशेजारी आपल्या मुलास बसवू नये, असे एका पालकाने शाळेत येऊन सांगितले आणि शाळेने ते ऐकले. कर्करोग हा स्पर्शाने, श्वासाने वा एका ताटात जेवल्याने लागत नाही. हे त्या पालकास कोणी सांगितले नाही. ज्या बडोदे संस्थानात सयाजीराव महाराजांनी १९०६ साली सर्वत्र प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले त्याच बडोद्यात एक मूल वर्गात असूनही चार महिने एकट्याने बाकावर बसले. उलट त्याच शाळेतील एका शिक्षिकेने त्याच्या बुडालेल्या दोन वर्षांचा अभ्यास स्वतःच्या घरी बसवून करून घेतला, आणि एक पैसा घेतला नाही. तो पुढे वाणिज्य शाखेचा पदवीधर झाला त्याचे श्रेय तो त्या बाईंस देतो.

परदेशी अभ्यासात काय दिसले तेही येथे सांगणे उचित होईल. अमेरिकेत लहानपणी कर्करोग झालेल्या व किमान पाच वर्षे जगलेल्या हजारो लोकांची पाहणी १९९४ पासून चालू आहे, आणि त्यांची तुलना त्यांच्याच भावंडांशी केली जाते. तुलनेसाठी तीच घरे, तेच संस्कार घेण्याची ही युक्ती आम्हांस फार आवडली. त्यात असे आढळले की, बरे झालेल्यांपैकी बहुसंख्य लोक मनाने धडधाकट असतात. परंतु एका भागास उदासी, चिंता व एकटेपणा भावंडांहून अधिक भोगावा लागतो. ज्यांस मेंदूची गाठ झाली होती त्यांचे शिक्षण, नोकरी व लग्न सर्वांत अधिक अडते. म्हणजे सर्वांस एकाच मापाने मोजून चालणार नाही. आमच्या मुनीमजींच्या मुलास मार्ग सापडला म्हणून सर्वांस तो आपोआप सापडेल, असे नव्हे.

मुलींची गोष्ट तर निराळीच. आमच्या ओळखीच्या एका घरातील मुलीचा एक डोळा वयाच्या तिसऱ्या वर्षी काढावा लागला. बाहुलीत पांढरी चमक दिसली, ती डोळ्यातील कर्करोगाची निघाली. जीव वाचला, कृत्रिम डोळा बसविला. आज ती चाळिशीच्या घरात आहे, उत्तम शिवणकाम करते, तिच्या हाताखाली सहा बायका आहेत. परंतु घरातील लग्नकार्यात पाहुणे मंडळी आली की तिला स्वयंपाकघरात काम निघते, हे आम्ही स्वतः तीन वेळा पाहिले. तिच्या लग्नाचा प्रश्न कधी काढलाच गेला नाही. तिला विचारून नव्हे. आणि ज्या मुली वाचल्या त्यांची ही कथा. कित्येक तर उपचारापर्यंत पोहोचतच नाहीत. आपल्या देशातील रुग्णालयांच्या नोंदींत मुलग्यांच्या मानाने मुली कमी दिसतात. काही कर्करोग मुलग्यांस किंचित अधिक होतात हे खरे, परंतु एवढी तफावत रोगाने होत नाही. ती घरातून होते.

आता आमची चूक.

२०१० साली तो पदवी घेऊन आमच्याकडे नोकरी मागावयास आला. त्याची इच्छा खरेदीवर जाण्याची होती : डभोई, बोडेली, दाहोद या बाजूस फिरावे, मका व तूर पाहावी, वानगी घ्यावी, भाव ठरवावा. आमच्या धंद्यातील शिकण्यासारखे सर्व काम तेच आहे, हे सांगणे नलगे. आम्ही म्हटले, “तुझ्या प्रकृतीस हे झेपणार नाही. तू पेढीवर पंख्याखाली बैस, टेलिफोन घे.” त्याने डॉक्टरांचा दाखला दाखविला, कोणतेही काम करण्यास हरकत नाही, असे त्यात स्पष्ट होते. आम्ही तो दाखला वाचला, घडी करून परत दिला, आणि त्यास टेलिफोनपाशी बसविले. त्याच्याबरोबर लागलेली दोन मुले वर्षभरात खरेदीत तयार झाली. तो आठ महिन्यांनी नोकरी सोडून गेला. आम्ही दया केली, असे आम्हांस तेव्हा वाटत होते, आणि तो कृतघ्न निघाला असेही आम्ही घरी बोललो.

२०१६ साली त्याच्या लग्नाची बोलणी एका घराशी चालू होती. नाशिककडील मंडळी. मुलीचे वडील चौकशीसाठी बडोद्यास आले, आणि मुलाने जेथे प्रथम नोकरी केली ती पेढी म्हणून आमच्याकडे आले. स्थळाची चौकशी करावयास आपल्याकडे माणूस पेढीवरच येतो. बाजारात ज्याची पत आहे त्याच्या शब्दास किंमत असते. चहा मागविला. आम्ही म्हटले, “मुलगा सोन्यासारखा आहे. परंतु तुम्ही विश्वासाने विचारता म्हणून सांगतो, लहानपणी त्याला रक्ताचा कर्करोग झाला होता. असल्या दुखण्याचा काय भरवसा?” त्या गृहस्थांनी चहा संपविला, हात जोडले, आणि ते गेले. चार दिवसांनी नकार आला.

आम्ही आपल्या मनास सांगितले की, आम्ही सत्य बोललो. विचारणाऱ्यास अंधारात ठेवणे पाप होय.

तीन आठवड्यांनी तो आला. रागावलेला नव्हता, रागावला असता तर आम्हांस बरे वाटले असते. लहानपणापासून तो आम्हांस काका म्हणतो. तो म्हणाला, “काका, आजार झाला होता हे तुम्ही सांगितलंत, त्याचं मला वाईट वाटलेलं नाही. ते मी मुलीला पहिल्या भेटीतच सांगितलं होतं, आणि तिच्या वडिलांना पुढच्या भेटीत सांगणार होतो. पण मी बरा झालो, हे तुम्ही सांगितलं नाहीत. तुम्ही तर पेढे वाटले होते.”

हिशेबाची भाषा ज्यास येते त्यास याहून अधिक काही सांगावे लागत नाही. नावेची रक्कम आम्ही अचूक वाचून दाखविली होती आणि जमेची बाजू वाचलीच नव्हती. अशी खातेवही आमच्या मुनीमजींनी आमच्यासमोर ठेवली असती तर आम्ही ती त्यांच्या अंगावर फेकली असती. शिवाय ‘काय भरवसा’ हे शब्द तर निव्वळ असत्य होते. उपचार संपून वीस वर्षे होत आली होती. इतक्या काळानंतर तो रक्ताचा कर्करोग उलटणे ही फार विरळा गोष्ट असते. ते आम्हांस ठाऊक नव्हते, आणि ठाऊक नसता आम्ही ते ठामपणे बोललो. धान्यात एकदा सोनकिडा दिसला की गिऱ्हाईक शेजारच्या चांगल्या पोत्यावरही संशय घेते. तीच रीत आम्ही माणसास लावली.

त्या दिवशी तो दोन तास बसला, आणि वर लिहिलेली फायलीची हकीकत त्याने तेव्हा सांगितली. आम्ही त्या नाशिकच्या गृहस्थांस पत्र लिहिले, फोन केला, आपला शब्द चुकीचा होता असे सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले; परंतु तोवर मुलीचे दुसरीकडे ठरले होते.

पुढील वर्षी तो तपासणीसाठी मुंबईस निघाला तेव्हा आम्ही त्यास विचारून बरोबर गेलो. परळला रुग्णालयासमोरच्या पदपथावर गावोगावची कुटुंबे पथारी पसरून बसलेली दिसतात; ज्यांस जागा मिळते ती दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या ठिकाणी उतरतात, आणि लहान मुलांच्या कुटुंबांसाठी २००६ पासून सेंट ज्यूड इंडिया या संस्थेची निवासकेंद्रे झाली आहेत. आम्हांस मात्र पाहावयाचे होते ते निराळे. इंडियन कॅन्सर सोसायटीच्या आश्रयाने २००९ साली बऱ्या झालेल्या तरुण मंडळींनी आपला एक गट स्थापन केला आहे, त्याचे नाव ‘उगम’. मराठीत हा शब्द आपण नदीच्या आरंभास लावतो. नाव ठेवणाऱ्याची दृष्टी चांगली म्हणावयाची. ही मंडळी उपचार चालू असलेल्या मुलांस व त्यांच्या पालकांस भेटतात. मुनीमजींचा मुलगाही त्या दिवशी अशा एका बाईशेजारी बाकावर बसला, जिच्या मांडीवर केस गेलेले चार वर्षांचे मूल होते. त्याने विशेष काही सांगितले नाही. “मलाही हाच होता, याच वयाच्या सुमारास, आता मी एकोणतीसचा आहे,” एवढेच. ती बाई त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहत राहिली. मग तिने त्याचा दंड हाताने चाचपून पाहिला. आम्ही बाजूस होऊन खिडकीतून बाहेर पाहू लागलो.

जगात दरवर्षी सुमारे ४ लाख मुले व किशोर या रोगाने ग्रासले जातात. सन २०३० पर्यंत सर्व देशांत त्यांतील किमान साठ टक्के वाचावीत, असे उद्दिष्ट जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली ठेवले आहे. ते जसजसे साधेल तसतशी बरी झालेली मुले अधिकाधिक संख्येने आपल्या शाळांत, पेढ्यांवर आणि स्थळांच्या यादीत येतील. त्यांची पत कोण ठरविणार? फ्रान्सने यावर कायदाच केला. २०१६ पासून तेथे कर्जासाठी लागणारा विमा घेताना ठरावीक मुदतीनंतर जुन्या कर्करोगाची माहिती देणे बंधनकारक राहिले नाही. उपचार संपून दहा वर्षे, आणि लहानपणी आजार झाला असल्यास पाच वर्षे. २०२२ साली ही मुदत सर्वांसाठीच पाच वर्षांवर आणली. त्यास ते लोक विस्मृतीचा अधिकार म्हणतात. व्यापाऱ्यास हे सहज समजावे : मुदतबाह्य दावा कोणी कोर्टात नेत नाही.

आपल्या संघापुरते पाहिले तर कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. धर्मादाय खात्यातून आपण उपचारास देतो ते द्यावेच. परंतु त्यातील थोडा भाग उपचारानंतरच्या तपासणीच्या प्रवासखर्चास, बुडालेल्या शिक्षणास आणि मनाचा सल्ला देणाऱ्या तज्ज्ञाच्या शुल्कास ठेवावा, अशी आम्ही कार्यकारिणीस लेखी सूचना दिली आहे. गोरज येथे मुनी सेवा आश्रमाचे कैलास कर्करोग रुग्णालय आहे, अहमदाबादेस १९७२ पासून गुजरात कर्करोग संस्था आहे. प्रत्येक गोष्टीस मुंबई गाठावी लागते असेही नाही. नोकरी मागणाऱ्याजवळ डॉक्टरांचा दाखला असेल तर तो मानावा. आणि स्थळाची चौकशी आली तर मुलास अथवा मुलीस आधी विचारावे की, काय सांगू. आणि सांगावयाचेच झाले तर दोन्ही बाजू सांगाव्यात. आमच्या या सूचनेवर एका ज्येष्ठ सभासदांनी विचारले की, मग लपवाछपवीस आपण उत्तेजन देणार काय? आम्ही त्यांस वरील हकीकत सांगितली. ते म्हणाले, विचार करू. सूचना अद्याप विचाराधीन आहे.

त्याचे लग्न २०१९ साली झाले. त्याने पहिल्याच भेटीत सर्व सांगितले, मग मुलीस व तिच्या आई-वडिलांस डॉक्टरांकडे नेले आणि त्यांस हवे ते प्रश्न एकांतात विचारू दिले. त्यांस तीन वर्षांची मुलगी आहे. दर दोन वर्षांनी हृदयाची तपासणी असते. त्या आठवड्यात तो आजही कमी बोलतो आणि त्याची पत्नी त्यास बोलते करण्याच्या भरीस पडत नाही. कराची विवरणपत्रे भरण्याचा त्याचा स्वतःचा व्यवसाय रावपुऱ्यात आहे, आणि आमच्या पेढीचे कामही तोच पाहतो. बोडेलीस जाणे मात्र राहून गेले. तो विषय निघाला की आम्हीच गप्प बसतो.

मुनीमजी दोन वर्षांपूर्वी वारले. त्यांची ती फाईल अजून आमच्या कपाटात होती. कोणते औषध, किती प्रमाणात, किती वेळा दिले गेले, हे पुढील तपासणीसाठी डॉक्टरांस लागते, आणि असा तारीखवार हिशेब फार थोड्या घरांत सापडतो. आम्ही ती त्यास देऊ केली. त्याने तिची छायाप्रत काढून घेतली आणि मूळ फाईल आमच्याकडेच ठेवावयास दिली, वडिलांनी जेथे ठेवली होती तेथेच. फक्त कपाटास आता कुलूप नसते.